एक मॅग्नेटो बंद केल्यावर

तुर्भ्याच्या बसथांब्यावर रांगेत सुमेधाच्या मागे रिक्षांची इंजिनं दुरुस्त करणारे नामदेव आणि विमानांची देखभाल शिकणारी त्यांची लेक रंजिता उभी होती.

"अकराला तोंडी परीक्षा हाय ना? मंग सांग, विमानाच्या पिस्टन इंजिनात ठिणगी कोन देतं?"

"मॅग्नेटो, बाबा. दोन असतात. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते."

"दोन कशाला?"

"एक बिघडला तर दुसरा असतो. उड्डाणाआधी एकेक बंद करून बघतात, तेव्हा इंजिनाचा वेग थोडा उतरतो."

"आनि उतरलाच नाय तर?"

"तर उत्तमच. इंजिन एकदम फिट."

"पोरी, अठ्ठावीस वर्सं इंजिनं खोलतोय मी. अर्धी ठिणगी काढून घेतली आनि इंजिनाला कळलं पन नाय?"

रंजिताने हातातल्या वहीतलं ते उत्तर खोडलं.

"म्हणजे तो मॅग्नेटो बंद झालाच नाही. स्विच नुसताच फिरला, ठिणगी अडवणारी त्याची तार तुटली असेल."

"मंग इंजिन थांबल्यावर कोनी विमानाचा फुडचा पंखा हाताने फिरवला तर?"

"ठिणगी पडेल. पंखा फिरेल आणि त्याचा हात जाईल, बाबा."

"आता सांग. वेग उतरला नाय तर काय करशील?"

"आधी सगळ्यांना पंख्यापासून लांब करीन. मग स्विचची तार तपासीन."

बस आली. सुमेधाने त्या दोघांना आधी चढू दिलं.