हात मांडीवर, पाय ब्रेकवर

फिजिओथेरपी विभागाबाहेर नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक शिकाऊ मुलगी अर्धांगवायूतून उठलेल्या पेशंटशी बोलत होती.

“काका, पास झाले.”

“परीक्षेत काय होतं?”

“पेशंटला चालवायचं. मी त्यांना धरलंच नाही. सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?”

“मग?”

“म्हटलं, ड्रायव्हिंग शिकवणारे एक काका आहेत. मी सारखी त्यांचा दंड पकडायचे, तर मलाच ओरडले.”

“शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावायचा नसतो, पोरी. आपले हात मांडीवर, पाय ब्रेकवर.”

“बरं झालं ओरडलात. नाहीतर अजून तुम्हाला कडेवर घेऊन फिरले असते.”

“तू सोडलंस, म्हणून चालायला लागलो.”

“सोडलं कुठे, काका? रोज एक पाऊल मागे असायचे.”

“ठाऊक आहे. म्हणून तर एकदाही मागे वळून पाहिलं नाही.”