सीताफळाच्या बुडाशी

विमलबाई : थांब वं, मलेच वाचू दे. अ... ल्क... ली. अल्कली. बरोबर?

काजल : बरोबर. आता दे पुस्तक, आजी. उद्या पेपर आहे माझा.

विमलबाई : साठी उलटल्यावर अक्षरं शिकली मी. अर्थ सांगतल्याबिगर नाही देत. कोनाचा शब्द हा?

काजल : अरबी. तिकडं खाऱ्या जमिनीतलं झुडूप जाळत. त्याच्या राखेले 'अल-कली' म्हणत. त्यावरून पुढं अशा साऱ्या खारांचं तेच नाव पडलं.

विमलबाई : म्हंजे राखच की! आमी गोधड्या धुवाचो राखीच्या पान्यात. हाताची सालटं निघत... वावराकडं काऊन पाहून राह्यली?

काजल : काही नाही.

विमलबाई : चाल मंग वावरात. तुह्या आबाच्या सीताफळाले पानी टाकून येऊ.

काजल : ते तर वाळलं, आजी.

विमलबाई : झाडासाठी नाही जात मी, त्यायले समजावाले जाते. शेवटी शेवटी गोड चहा मांगत होते. डॉक्टरचं आयकून मी देल्ला नाही. त्यायची राख वावरात टाकून वर झाड लावलं, तर पंधरा दिसांत जळालं. सारं देऊळघाट म्हनते, निवृत्तीबुवा बायकोवर रुसून गेला.

काजल : आबा नाही रुसले. राखेनंच जळालं ते.

विमलबाई : काहीतरीच! वांग्याच्या वाफ्यात टाकतोच की आपन राख.

काजल : ती चिमूटभर असते. शेजारच्या वावरातल्या किसनकाकानं सांगतलं होतं, मूठभर खड्ड्यात टाक, बाकीची वावरभर पांगव. मी अख्खं मडकं तिथंच ओतलं. वाटलं, आबा सारेच्या सारे एका जागी राहावे. त्या खारानं मुळ्या जळाल्या.

विमलबाई : कधी समजलं तुले?

काजल : पानं करपली तवाच.

विमलबाई : अन् मी रोज तिथं बसून माफी मांगून राह्यली, ते तू मागं उभी राहून आयकत होती?

काजल : सांगाची हिंमतच नाही झाली, आजी.

(विमलबाई पुस्तक मिटून मांडीवर ठेवतात.)

काजल : पेपर झाले की ती माती खणून वावरभर पांगवते. नवं रोप लावू.

विमलबाई : पांगव. तसेही ते एका जागी कधी बसले नाहीत.

काजल : रागावली माझ्यावर?

विमलबाई : घे, वाच. अन् उद्या पेपर झाला की सीधी वावरात जा. माहं त्यायच्याशी बोलून झालं. आता तुहं राह्यलं.