दोन पिनांची टोपी

पुतण्या : कॉम्प्युटरच्या आतला सेल काढून दहा मिनिटं बाजूला ठेवला, काका. परत बसवून चालू केला, तरी पासवर्ड मागतोच आहे.

काका : प्लग भिंतीतून काढला होतास, की नुसतं बटण बंद केलंस?

पुतण्या : काढला होता. तीनदा केलं सगळं. जुनं सेटिंग काही पुसलं जात नाही.

काका : जाणार नाही. त्या डब्याचा पासवर्ड सेलवर जगत नाही. घातला कोणी?

पुतण्या : मालकांच्या जावयांनी. सकाळी म्हणाले, कॉम्प्युटर हळू चालतो, मी बघतो. आत शिरून काय काय बदललं, पासवर्ड टाकला, आणि आता म्हणतात आठवत नाही.

काका : आहेत कुठे ते?

पुतण्या : जेवायला गेलेत.

काका : जावयाने जेवावं, पुतण्याने निस्तरावं. तीन महिन्यांत तुझा पहिला फोन. काकूला वाटलं, चौकशीला केलास. धावत आणून दिला माझ्या हातात.

पुतण्या : करणारच होतो, काका.

काका : गरज सरो, वैद्य मरो. वैद्य अजून मेला नाही, एवढंच. माल किती अडलाय?

पुतण्या : साठ हजार पाकिटं. चारला गाडी येणार, आणि कटिंग मशीन या कॉम्प्युटरशिवाय हलत नाही. मालक म्हणाले, आज माल गेला नाही तर उद्यापासून तूही येऊ नकोस.

काका : 'तूही' म्हणाले?

पुतण्या : हो.

काका : म्हणजे माझी आठवण आहे तर. सेलच्या डावीकडे बघ. दोन पिना उभ्या असतील, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

पुतण्या : नाही दिसत. थांबा, टॉर्च धरतो.

काका : 'यांना आता बारीक दिसत नाही, कामात चुका होतात.' मला काढलं त्या कागदावर हेच होतं ना, तुझ्या सहीच्या वर?

पुतण्या : कागद त्यांनी टाईप करून आणला होता. मी नुसती...

काका : नुसती सही केलीस. दहावीपासून आमच्या घरात वाढलास, या कामात हाताला धरून मी आणलं. सही करायलाही बहुतेक मीच शिकवलं असेल.

पुतण्या : ते म्हणाले, सही कर, सुपरवायझर करतो. हिला तेव्हा सातवा महिना होता, काका.

काका : मला सांगतोस? दवाखान्यात तिला काकूच घेऊन जात होती. पिना दिसल्या?

पुतण्या : दिसल्या. मोकळ्याच आहेत.

काका : त्यांच्यावर प्लास्टिकची बारकी टोपी चढवायची, दहापर्यंत मोजायचं आणि काढायची. सगळं पुसलं जातं, पासवर्डसकट.

पुतण्या : इथे टोपी नाहीये.

काका : मी काढून ठेवली. कुणी उगाच चढवली तर कटिंग मशीनचं सेटिंगही जातं, आणि ते पाठ होतं एकट्या मला. बाजूचं झाकण कुठे ठेवलंस?

पुतण्या : जमिनीवर.

काका : उलटं कर.

पुतण्या : आतून चिठ्ठी चिकटवली आहे. टोपी तिच्यावरच टेपखाली आहे.

काका : महिन्यातून एकदा झाकण उघडून धूळ पुसायची, हे शिकवलं होतं. पुसली असतीस तर केव्हाच सापडली असती. वाच.

पुतण्या : 'छोट्या, आधी प्लग काढ. टोपीचं काम झालं की खालची पाच सेटिंग याच क्रमाने घाल...' काका, खाली अठरा तारीख आहे. मी सही सतराला केली होती.

काका : माहीत आहे. सही वाळायच्या आत मालकांनी मला दाखवली.

पुतण्या : आणि तरी दुसऱ्या दिवशी, कामाच्या शेवटच्या दिवशी, तुम्ही हे लिहिलंत?

काका : राग आला होता. दोनदा फाडायला घेतली. पण एक दिवस मशीन बंद पडेल आणि तू तिथे उभा राहून रडशील, हेही दिसत होतं. बारीक दिसत नसलं तरी. चल, वेळ घालवू नकोस.

(बराच वेळ फोनवर नुसते आवाज : टेप सोलल्याचा, कळा दाबल्याचा, शेवटी कटिंग मशीनचं पातं खाली आल्याचा.)

पुतण्या : पाकिटांचा पहिला गठ्ठा कापून निघाला, काका. मापात आहे.

काका : मग चारच्या आत होईल.

पुतण्या : रविवारी येऊ का? बाळाला घेऊन.

काका : काकूला विचार. मला विचारू नकोस.

पुतण्या : बरं. ही चिठ्ठी मी माझ्याकडे जपून ठेवतो.

काका : नको. टोपी परत टेपखाली लाव, वरचं नाव खोड आणि होती तिथेच चिकटव. तुझ्यानंतर येईल त्याला लागेल.