कुणालाच नको असलेलं उत्तर

मंडळी, बसून घ्या. पुढं मृदंगापाशी जागा आहे. पोरांना मागं ढकलू नका, आज विषयच पोरांचा आहे.

एक प्रश्न विचारतो. उत्तर द्यायची घाई नको.

तुमच्या घरात एक लेकरू आहे. हुशार आहे. आता आपापल्या घरचं लेकरू हुशारच असतं, वांड असतं ते शेजाऱ्याचं. पण हे खरंच हुशार. आणि एक दिवस शहरातनं निरोप येतो: हे लेकरू आम्हाला द्या. निवडक पोरांचा वर्ग आहे, तिथं ठेवतो, पुढं नेतो.

पाठवायचं की ठेवायचं?

पाठवणारे, हात वर करा बघू. हां, बापमंडळी. आणि ठेवणारे? सगळ्या आया. बरं. आता मला सांगा, यात लेकराचा हात कुठाय?

तुम्ही म्हणाल, महाराज, त्यात काय, लेकरालाच विचारायचं. सोपं काम आहे. मलाही तसंच वाटायचं. पण खरंच सोपं आहे का? तेच आज शोधायचंय. ऐका.

एक गाव. आपल्याच बाजूचं, नाव सांगत नाही. त्या गावात सर्जेराव. धंदा काय, तर पिठाची गिरण. आणि गिरण म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे — दळण थोडं आणि बोलणं फार. कुणाचं लग्न ठरलं ते आधी गिरणीत कळतं, मग नवरदेवाला.

सर्जेरावाची बायको उज्ज्वला. थोरली बहीण शालन, नवरा गेल्यापासनं भावाकडंच. आणि एकुलती एक पोरगी, राजनंदिनी. एवढं नाव घरात कोण घेतंय? घरात नंदू. पाचवीतली.

नंदू गणितात पक्की, वाचनात पक्की. पण तिची खरी हुशारी वेगळीच होती. एखादी बाई दळणाचा डबा घेऊन गिरणीची पायरी चढली की नंदू बापाच्या कानात सांगायची, "पप्पा, हिला घाई हाय, हिचं आधी टाका." "ह्या काकू भांडून आल्यात, काय बोलू नका." बरोबर निघायचं. पोरगी तोंड वाचायची हो, आपण बसची पाटी वाचतो तसं.

शाळेतल्या पाटोळेबाईंनी तिला त्या निवडक वर्गाच्या परीक्षेला बसवलं. सहावीपासनं वर्ग, राहायचं तिथंच, वसतिगृहात. आणि नंदूचा नंबर लागला.

झालं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स!

सर्जेरावाचा दोस्त धनाजी, तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्यानं लावला. मधे नंदूचा फोटो, आणि भोवतीनं शुभेच्छुक. सगळे गॉगल लावून. त्यातले निम्मे दहावीला अडकलेले, पण शुभेच्छा द्यायला पास व्हावं लागत नाही. "गावची शान, निघाली शहराला." खाली सत्काराची तारीख.

आणि मंडळी, घरात अजून ठरलंच नव्हतं.

आता विचारणं सुरू झालं. सर्जेराव चौकातनं फ्लेक्स बघून आला, छाती ही एवढी. म्हणाला, "नंदू, जायाचं न्हवं?"

"व्हय पप्पा."

शालन आत्यानं परसात वेणी घालता घालता विचारलं. पोरीला अंगाखांद्यावर तिनंच वाढवलेलं. "मला टाकून जाणार व्हय गं बाय?"

"न्हाई गं आत्या. कुठं जात्या मी."

शाळेत पाटोळेबाई म्हणाल्या, "बाळ, शाळेचं नाव काढणार ना?"

"हो बाई."

रात्री ताटावर बसले सगळे. सर्जेराव म्हणाला, "पोरगी तयार हाय. कपड्याची पेटी बघाय पायजे."

आत्यानं भाकरी खाली ठेवली. "कोण तयार हाय? मला न्हाई म्हणाली ती. सकाळच्याला."

"मला व्हय म्हणाली."

"तू दरडावलं असशील."

"आणि तू रडून दाखवलं असशील. कान भरतीस पोरीचे."

"भरते की. तुझ्यागत फ्लेक्सवर टांगत न्हाई तिला."

भाऊ-बहीण पेटले. नंदू मान खाली घालून आमटीत भाकरी कुस्करत होती. उज्ज्वला त्या दोघांकडं बघेना. ती पोरीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी दोघीच भांडी घासायला बसल्या. आईनं विचारलं, "नंदू, खरं कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांला."

"असं कसं? पप्पांला व्हय, आत्याला न्हाई."

"अगं, पप्पांला व्हय पायजे होतं. आत्याला न्हाई पायजे होतं."

"आणि बाईंना?"

"बाईंनी प्रश्नातच उत्तर दिलं होतं." पोरगी पातेलं घासत होती. सहज बोलत होती हो. "आई, विचारणाऱ्याला उत्तर आधीच म्हाईत असतंय. ते वळखायचं, बास. पेपरात पण तसंच असतंय. म्हणून तर माझा नंबर आला."

मंडळी, थांबा इथं जरा.

ह्यात पोरगी खोटं बोलली का? सांगा की. बापाला हवं ते बापाला दिलं, आत्याला हवं ते आत्याला. आपण काय म्हणतो अशा लेकराला? गुणी म्हणतो. कुणाचं मन मोडत नाही म्हणतो. मग चुकलं कुठं?

उज्ज्वलाच्या हातातली राख तशीच राहिली. तिनं विचारलं, "आणि तुला गं? तुला काय पायजे?"

नंदूनं आईच्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिली. आईच्या ध्यानात आलं — पोरगी शोधत्या. माझ्या तोंडावर उत्तर शोधत्या. तशी ती माऊली उठली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"आता सांग."

 मागनं हुंदका आला. नंदू रडत होती.

"आई, तोंड फिरवू नको की गं. मग मला कसं कळणार?"

आता करता का सोपं काम? विचारता लेकराला? ज्या लेकराला दुसऱ्याच्या मनातलं सगळं कळतं, त्याच्या स्वतःच्या मनात शिरायची वाट कुठनं?

उज्ज्वलानं नवऱ्याला सांगितलं. सर्जेराव आधी चिडला. "लेकराला काय कळतंय? आपण ठरवू."

"ठरवू की. पण बघून तर येऊ, कुठं घालायलोय पोरीला."

तिघं गेली एसटीनं. तिथं त्या वर्गाच्या मुख्य बाई, मुजावर मॅडम. उज्ज्वलानं आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही हिला विचाराल तर ही तुम्हाला बरं वाटेल तेच सांगणार."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मी विचारतच नाही. दिवसभर वर्गात बसू दे. तुम्ही व्हरांड्यात बसा, खिडकी उघडी आहे."

वर्ग भरला. मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही, पोरांना विचारलं, "मुंगी भिंतीवर चढते. पडत का नाही?"

एक पोरगा म्हणाला, हलकी असते म्हणून. दुसरी म्हणाली, पीस पण हलकं असतं, ते का चिकटत नाही मग? लागली भांडायला पोरं.  नंदूचे डोळे मॅडमच्या तोंडावर. नेहमीचं काम! उत्तर कुठाय, उत्तर कुठाय?

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नका. मी पुस्तकात वाचलंय थोडं, पण मला स्वतःला अजून नीट कळलेलं नाही."

तोंड कोरं. वाचायला काही नाहीच!

नंदू पार कोमेजली हो. डबासुद्धा उघडला नाही. खिडकीतनं बघून सर्जेराव बायकोला म्हणाला, "बघितलंस? हितं टिकायची न्हाई ती. चल, घरला नेऊ."

आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर पोरगी पहिल्यांदा बोलली. हळूच. "आमच्या गिरणीत भिंतीवर पीठ असतंय. तिथनं मुंग्या घसरत्यात."

सगळी पोरं वळली तिच्याकडं. एकानं विचारलं, "खरंच?" दुसऱ्यानं स्वयंपाकघरातनं पीठ आणलं, वाटी भरून. फासलं भिंतीला. गुळाचा खडा ठेवला वर. मुंग्या आल्या. काही घसरल्या. काही नाहीच घसरल्या, सरळ वर गेल्या.

नंदू उकिडवी बसली भिंतीपाशी. "ह्या का नाही घसरल्या?" — कुणाला विचारत होती? कुणालाच नाही. तोंड भिंतीकडं होतं तिचं.

बाप हाका मारतोय, शेवटची एसटी जाईल म्हणतोय, पोरगी उठेना.

निघता निघता मॅडमनी वसतिगृह दाखवलं. स्वच्छ, खाटा ओळीत. नंदूनं एका खाटेला हात लावला, आणि दुसऱ्या हातानं आईचा पदर धरला. तो गेटाबाहेर येईस्तोवर सोडला नाही.

आता सांगा. दिवस एकच, लेकरू एकच. सकाळी कोमेजलं, दुपारी फुललं, संध्याकाळी भ्यालं. पाठवायचं का ठेवायचं? आता हात वर होईनात बघा तुमचे!

मॅडमनी निघताना एवढंच सांगितलं, "आठवडाभर तिला विचारू नका. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर जे खरं आहे तेच सांगा."

न विचारणं काय सोपं असतं? एसटीत सर्जेरावाच्या ओठावर प्रश्न यायचा, उज्ज्वला कोपर मारायची. प्रश्न आत. परत यायचा, परत कोपर. घरी पोचेस्तोवर माणसाची बरगडी दुखायला लागली.

आणि मग गिरणीत धनाजी आला. गिरणीत चार बायका, दोन म्हातारे. नंदू पोत्यावर बसलेली. धनाजी म्हणाला, "काय सर्जेराव, पोरगी कधी सोडायची? सत्काराचं पाहुणं ठरलंय."

 पट्टा फिरतोय, पीठ पडतंय. सर्जेराव म्हणाला, "म्हाईत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे ठरलं न्हाई. जावं का न जावं, मला कळंना झालंय."

"आरं, बाप न्हवं का तू?"

"बाप हाय म्हणूनच कळंना."

माणसं हसली. नंदूनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. वाचून बघितलं. तिथं व्हय नव्हतं, न्हाई पण नव्हतं. असं तोंड तिनं घरात कधी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री ताटावर कुणी काही विचारलं नाही. आणि पोरगी आपणहून बोलली. ताटाकडं बघत.

"मला तो वर्ग पायजे. तिथं झोपायला नको."

सर्जेराव म्हणाला, "बाळा, तसं चालत न्हाई. तिथं राहावंच लागतंय."

"म्हाईत हाय."

आत्या वैतागली. "म्हंजे जाणार का ऱ्हाणार? धड एक सांग की!"

"दोन्ही सांगितलं की."

बापाचं तोंड पडलं. आत्याचं पडलं. आणि उज्ज्वला? तिच्या डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. म्हणाली, "अवो, हे उत्तर आपल्यातल्या एकालाबी नको होतं. म्हंजे हे हिचं हाय. पहिल्यांदा."

सकाळी सर्जेरावानं मॅडमना फोन लावला. मॅडमनी गोड बोलून फसवलं नाही. नियम म्हणजे नियम, निवड झालेल्या पोरांनी राहायलाच हवं. जागा सोडली तर यादीतल्या पुढच्या लेकराला जाणार. पुढच्या वर्षी परत परीक्षा, आणि नंबर लागेलच असं नाही. पण शनिवारी एक वर्ग असतो, कुणीही यावं. परीक्षा नाही, निवड नाही, प्रमाणपत्र नाही. त्याच मॅडम, तसलेच प्रश्न.

फोन धरूनच सर्जेराव तोलायला लागला. एका हातात मानाची जागा. दुसऱ्या हातात काय? शनिवार! शनिवारच्या वर्गाचा फ्लेक्स कोण लावतं का?

त्यानं जागा सोडली.

शिडी घेऊन स्वतः चौकात गेला, स्वतः दोऱ्या कापल्या. खाली धनाजी उभा. "सर्जेराव, वर्षभर लोकं हसतील."

"हसू देत. गिरण चालू असली की काय ऐकू येत न्हाई."

आता दर शनिवारी पहिल्या एसटीनं मायलेकी जातात, दिवस मावळता परत येतात. कधी नंदू येताना बडबडते, कधी फुगून बसते, काहीच जमलं नाही म्हणून. शालन आत्या म्हणते, नसती वणवण. पाटोळेबाई म्हणतात, सोन्यासारखी जागा घालवली.

तुम्ही म्हणाल, महाराज, मग बरोबर केलं का त्यांनी? मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. तिथं राहिली असती तर कदाचित फार पुढं गेली असती. दुसरं एखादं लेकरू असतं तर त्यानं त्या खाटेला मिठीच मारली असती, आणि त्याला पाठवणंच बरोबर ठरलं असतं. वर्ग चांगलाच होता हो. प्रश्न वर्गाचा नव्हताच.

प्रश्न तुमचा-माझा आहे. तुमच्या घरात एक लेकरू आहे, ते कधी नाही म्हणत नाही. त्याचं कौतुक सांगता तुम्ही चारचौघांत. त्याला विचारताना तुमच्या तोंडावर काय लिहिलेलं असतं, बघितलंय कधी आरशात?

आणि लेकराचं राहू द्या. आपण काय करतो? या देवळात येतो, हात जोडतो, आणि देवाच्या तोंडाकडं बघून बोलतो. "देवा, मला काही नको, सगळ्यांचं भलं कर." आत काय चाललेलं असतं? आत भीती असते, हाव असते, शेजाऱ्याच्या बांधावर डोळा असतो. पण देवाला काय आवडेल ते आपल्याला माहीत आहे, आणि तेच आपण त्याला देतो. पेपर लिहितो नुसता! वर्षानुवर्षं. आणि म्हणतो, देव काही बोलत नाही.

अहो, तो काय बोलणार? तुम्ही अजून त्याला काही सांगितलंच नाही.

आज जाताना त्याच्यापुढं उभे राहा. डोळे मिटा, त्याचं तोंड दिसू देऊ नका. आणि जे त्याला आवडणार नाही, घरच्यांना आवडणार नाही, स्वतःलाही ऐकवणार नाही, पण खरं आहे, ते एक वाक्य सांगा. जमलं नाही तर "मला माहीत नाही देवा" एवढं सांगा. तेही चालतं त्याला.

टाळकरी, टाळ हातात घ्या, पण वाजवू नका अजून. मंडळी, देवाचं नाव आधी मनातल्या मनात घ्या, कुणाला ऐकू न जाता. ते तुमचं एकट्याचं. मग मृदंग लागेल, मग सगळे मिळून घेऊ.