पट्टी गार, मिश्रण गरम

नाव व पत्ता माझ्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर घेतला आहे. वय ३६ वर्षे, व्यवसाय नोकरी, दिव्यांचा कारखाना, लेप विभाग. भाड्याच्या घरात सासू व मुलीसह राहते. पती मालट्रकवर चालक असून सध्या बाहेरगावी आहेत.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, आमच्या कारखान्यात एलईडी दिवे तयार होतात. मूळ चिप निळा उजेड देते. चिपा पट्टीवर बसवून प्रत्येकीवर पिवळी पावडर कालवलेल्या सिलिकॉनचा थेंब सोडतात. तो भट्टीत भाजला की उजेड पांढरा येतो. पावडर जड असल्याने थेंब घट्ट होण्याआधीच तळाशी बसते व उजेड डागाळतो. आमच्याकडे तसे होत नाही. त्याची रीत दोघांनाच माहीत आहे, मला आणि मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींना. मिस्त्री गेल्या महिन्यापासून कामावर आलेले नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे.

सोमवारी मी कामावरून आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या कारखान्यातले साहेब येऊन गेले. किती सभ्य माणूस. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तुझ्या नवऱ्याला तरी कधी सुचलं का?" आमच्या साहेबांना माझे घर माहीत नाही. सासूबाईंना मी तसे बोलले नाही.

मंगळवारी मुलगी शाळेच्या गाडीने आली नाही. मी घराच्या फाटकापाशी उभी असताना ती एका करड्या मोटारीतून उतरली. तिच्या हातात नवीन रंगपेटी होती. मोटार चालवणारा इसम पन्नाशीचा, चष्मा लावलेला, इस्त्रीच्या शर्टातला. तो खाली उतरून म्हणाला, "गाडी चुकली होती तिची. म्हटलं, आपल्याच घरचं लेकरू." मुलगी म्हणाली, "चुकली नव्हती, काकांनीच थांब म्हटलं." त्यावर तो हसला.

मग मला म्हणाला, "मिस्त्री सांगतात, त्यांच्यापेक्षा तुमचा हात बरा आहे. पावडर बसू नये म्हणून काय करता, तेवढं सांगून टाका."

मिस्त्री कुठे आहेत असे मी विचारले. तो म्हणाला, "त्यांना आता बोलायला त्रास होतो."

मी सांगून टाकले. त्याने माझ्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतले, आभार मानले व निघून गेला.

रात्रीचा स्वयंपाक करताना लक्षात आले की मी उलटे सांगितले. पट्टी आधी तापवायची आणि मिश्रण गार ठेवायचे, म्हणजे थेंब पडल्या पडल्या खालून घट्ट होऊ लागतो, पावडरीला बसायला उसंतच मिळत नाही. मी सांगितले मिश्रण गरम, पट्टी गार. दोन्ही वेळा तसेच सांगितले. गरम मिश्रण थेंब सोडणाऱ्या यंत्राच्या नळीतच घट्ट होते आणि यंत्र निकामी होते. हे मी मुद्दाम केले नाही. मला त्याला खरेच सांगायचे होते. कारखान्याचे काय व्हायचे ते होवो, असे माझ्या मनात होते. भीतीने तोंडातून उलटे निघाले. त्याला मात्र ते मुद्दामच वाटणार.

आज सकाळी घरी फोन आला, तो सासूबाईंनी घेतला. पलीकडून सांगितले, "सूनबाईंना म्हणावं, यंत्र सुरू करतोय. संध्याकाळी येतो तोंड गोड करायला." सासूबाई म्हणाल्या, "या की."

त्याने हत्यार दाखवले का, असे आपण विचारले. नाही. धमकी दिली का. नाही. आवाज चढवला का. नाही. मोटारीचा नंबर मी बघितला नाही, मुलीकडे बघत होते. रंगपेटी ताब्यात घ्यायची तर मुलगी ती सोडत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दार लावून घ्यायला सांगितले, ते लावले. मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते. सासूबाई व मुलगी बाहेर बाकावर कपड्यांची पिशवी घेऊन बसल्या आहेत. सोबत कोणी पोलीस दिल्याशिवाय आम्ही तिघी इथून उठणार नाही, हे आधी लिहिले नव्हते, ते मी सांगितल्यावरून सहीच्या वर लिहिले आहे.