दोघांत एक यंत्र

नवरा : मला आधी हे सांग, ह्याचं झाकण उघडतं का?

दुकानवाली : काका, डाइव्ह कॉम्प्युटर आहे हा. मनगटावर बांधून समुद्रात उतरायचं. झाकण उघडून काय करायचंय तुम्हाला?

नवरा : आत काय आहे ते बघायचंय. उभं आयुष्य लिफ्टा दुरुस्त केल्या मी. ज्याचं झाकण उघडत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही.

बायको : आमचा मिक्सरही चांगला भरवशाचा होता. यांनी उघडून बघेपर्यंत.

दुकानवाली : बॅटरी घरच्या घरी बदलता येते. मागे नाणं घालून फिरवायचं, बस. त्याच्या पुढे जाऊ नका. आतलं रबर जरा वाकडं बसलं की पाणी शिरतं.

नवरा : नाण्याने उघडतं? हे आवडलं आपल्याला. आणि ते काचेच्या कपाटातलं?

दुकानवाली : ते भारीतलं. रंगीत पडदा, नकाशा. फोनवर आलेले मेसेजसुद्धा दिसतात.

बायको : पाण्याखाली मेसेज? अगं, तिथे तरी माणसाला सुखाने राहू द्या की!

दुकानवाली : शिवाय ते सारखं चार्ज करावं लागतं. बोटीवर निघालात आणि चार्जर घरी राहिला, की बसलात. खरं सांगू? मी स्वतः हे साधंच वापरते. मोठे आकडे, दोन बटणं. किती खोल आहात ते सांगतं, अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगतं, आणि घाईघाईने वर यायला लागलात की ओरडतं. बाकी काही येत नाही बिचाऱ्याला.

नवरा : ओरडतं? मग घरच्यासारखंच वाटेल.

बायको : अहो, पोरीसमोर तरी!

नवरा : बरं, पण खरं बोलतं का? नाही, विचारतोय. आकडा तिसरा मजला दाखवतोय आणि डबा दोन मजल्यांच्या मध्ये लटकलाय, अशी माणसं बाहेर काढलीयेत मी.

दुकानवाली : ते कोपऱ्यातलं जाड काचेचं भांडं दिसतंय? त्यात पाणी भरायचं, हे आत ठेवायचं आणि वरून दाब द्यायचा. भांड्याचा काटा अठरा मीटर म्हणाला की यानेही अठराच म्हणायला हवं. थांबा, तुमच्यासमोरच करते.

(भांड्याचं झाकण आवळल्याचा आवाज. तिघंही काचेवर वाकतात.)

नवरा : अठरा! सोड थोडा दाब. बारा. पुन्हा दे. अठरा. आता एकदम सोड… ओरडलं, ओरडलं! ऐकलंस का गं?

बायको : ऐकलं हो. सगळ्या गल्लीने ऐकलं.

नवरा : हाच दे. पट्ट्याचं माप हिच्या हाताचं घे. हाडं बारीक आहेत हिची, सैल राहायला नको.

दुकानवाली : आणि तुमच्यासाठी कुठला, काका?

बायको : आम्ही एकच घेणार गं. दोघांत. वाचायचा चष्मासुद्धा एकच आहे आमचा. पेपर यांनी वाचला की मी घेते.

दुकानवाली : पाण्यात दोघं बरोबरच उतरता ना?

बायको : हो तर! यांना सोडून मी कुठे जातेय? इतके दिवस शिकवणारे सर सोबत असायचे, त्यांच्या यंत्रावर आमचं भागायचं. परवा सर म्हणाले, आता तुम्ही तयार झालात, तुमचं तुम्ही घ्या. म्हटलं, सकाळी मी बांधीन, दुपारी हे बांधतील. झालं.

दुकानवाली : नाही हो काकू, असं अजिबात करू नका. खाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात साठत जातो. तो किती साठला असेल त्याचा अंदाज हे यंत्र बांधतं, पण ज्या मनगटावर आहे तेवढ्याच माणसाचा. काका तुमच्यापेक्षा चार हात खाली गेले, तर याला पत्ताही लागणार नाही. आणि सकाळी तुम्ही बुडी मारून दुपारी काकांना दिलंत, की ते तुमची सकाळ काकांच्या नावावर मांडणार. चुकलं तर माणूस वर आल्यावर आजारी पडतो. हातपाय लुळे पडलेले पाहिलेत मी.

बायको : अगं बाई! मग दोन दे.

नवरा : एकच दे.

बायको : अहो, ती काय सांगतेय ते ऐकलंत का?

नवरा : ऐकलं. एकच पुरे. मी तुझ्या खांद्याला खांदा लावून राहीन, एक इंच खाली जाणार नाही.

बायको : पैशांचं बघू नका हां. बाकी ठिकाणी हात सैल आणि इथे नेमकी काटकसर?

नवरा : पैशांचा विषयच नाही.

बायको : मग कसला आहे? थांब गं, पट्टा नको बांधूस. तुला सांगते, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी हे खालचा मोठा स्विच बंद करायचे आणि त्याला आपलं कुलूप घालायचे. किल्ली यांच्या खिशात. जोडीदार असला तर त्याचं कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. दोघं बाहेर आल्याशिवाय लिफ्ट चालूच होऊ शकत नाही.

दुकानवाली : भारी आहे हे.

बायको : एकदा यांचं कुलूप घरी राहिलं. जोडीदार म्हणाला, चला, माझं एक लावलंय, दोघांना पुरे. हे जिन्यावर बसून राहिले. मी रिक्षा करून कुलूप घेऊन गेले तेव्हा उतरले खाली. त्या माणसाला काय म्हणालात आठवतंय?

नवरा : आठवतंय.

बायको : म्हणालात, तुझ्या कुलपावर माझा जीव नाही ठेवणार. आणि आता माझ्या मनगटावर ठेवायला निघालात?

नवरा : मी उतरणारच नाहीये.

बायको : कुठे?

नवरा : पाण्यात. तुझं एक घेऊ, चांगलं भरवशाचं. मी बोटीवर थांबेन. तुला वर यायला हात देईन, टॉवेल देईन.

बायको : कधी ठरलं हे?

नवरा : मागच्या वेळी. ते कासव होतं बघ. तू त्याच्या मागे मागे निघाली होतीस. तुझी हवेची टाकी निम्म्याहून जास्त भरलेली आणि माझी संपत आलेली. मी श्वास घेतो तो लोहाराच्या भात्यासारखा. वर चल म्हणून मी अंगठा दाखवला आणि तू लगेच वळलीस. दर वेळी तेच होतं. माझ्यामुळे तुला अर्धाच समुद्र मिळतो.

दुकानवाली : मी… मी आत जाऊन पट्टे बघते.

बायको : तू कुठे चाललीस? थांब इथेच. ऐकू दे कुणीतरी. अहो, ते कासव मला दिसलं होतं का?

नवरा : म्हणजे?

बायको : दगड समजून मी पुढे निघाले होते. तुम्ही माझ्या पायातला रबरी पंजा धरून मागे ओढलंत आणि बोट दाखवलंत. तेव्हा त्या दगडाला डोळा असल्याचं मला कळलं.

नवरा : ते सरांनीही दाखवलं असतं.

बायको : सर सहा जणांना दाखवतात. तुम्ही मला एकटीला दाखवता. आणि दुसरं. मला अजून भीती वाटते पाण्याची. दर वेळी. पहिलं एक मिनिट मी डोळे मिटूनच असते. उघडले की आधी तुमच्या पायातले ते पिवळे पंजे शोधते. दिसले की मग मासेबिसे. तुम्ही बोटीवर टॉवेल घेऊन बसलात, तर मी खाली काय करू? कोरल मोजत बसू?

नवरा : हे कधी बोलली नाहीस.

बायको : तुम्ही तरी कुठे बोललात? मनात ठेवून गुपचूप एकच यंत्र घ्यायला आलात.

दुकानवाली : काका, मध्ये बोलू का? तुमचा श्वास जास्त लागतो ना? मग मोठी टाकी घ्या. कितीतरी जण घेतात.

नवरा : मोठी टाकी असते?

दुकानवाली : बोटीवर असतेच. सांगून ठेवायची फक्त.

बायको : सांगतील कसले! जेवताना ताट रिकामं झालं तरी वाढ म्हणत नाहीत. मीच बघायचं.

नवरा : मला वाटलं, सगळ्यांना सारखीच असते.

दुकानवाली : आणि हळूहळू पोहायचं. कासवाच्या मागे लागायचं नाही, त्याला पुढे जाऊ द्यायचं. बरं, तुम्हाला ब्लड प्रेशर वगैरे?

बायको : आहे. गोळी चालू आहे. वय बासष्ट. हे पन्नास सांगतील, त्यांचं ऐकू नकोस.

दुकानवाली : डॉक्टरांनी डाइव्हिंगला हो म्हटलंय ना?

बायको : लेखी घेतलंय मी.

दुकानवाली : मग काकांचं यंत्र जरा सावध लावून देते. तुमच्यापेक्षा थोडं लवकर ते वर चला म्हणेल. काका, मनगट पुढे करा. घट्ट होतंय?

नवरा : नाही. बसलं. काळाच पट्टा असू दे. हिला निळा दे, निळा आवडतो हिला.

दुकानवाली : आणि एक पक्कं लक्षात ठेवा. दोन यंत्रं दोन आकडे दाखवतील, वाद घालत बसायचं नाही. आधी ज्याचं वाजेल, त्याचं दोघांनी ऐकायचं.

नवरा : म्हणजे माझंच. दर वेळी माझंच आधी वाजणार, सांगून ठेवतो.

बायको : वाजू दे. वर येऊ आपण.