पागोट्याचं टोपडं

तुम्ही विचारताय, कापड कापताना माझा हात कधी अडला का? एकदा अडला. शनिवार पेठेतले एक आजोबा दुकानात आले. त्यांचा मुलगा मोहिमेत कामी आला होता आणि मागे सून बाळंत झाली होती. मुलाचं पागोटं आणि सुनेचा लग्नातला शालू पुढे ठेवून म्हणाले, "नातवाच्या बारशाला टोपडं शिवा. उलटं घातलं तरी सुलटंच दिसलं पाहिजे."

"म्हणजे अस्तर कुठलंच नाही?"

"नाही. दोन्ही बाजू वरच्याच."

शालू मी कापला. पागोट्यावर मात्र कात्री चालेना. म्हटलं, "आजोबा, हे आठवण म्हणून ठेवा."

त्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि पहिला काप स्वतः दिला.

"पेटीत ठेवून काय करू?" ते म्हणाले. "पोराच्या डोक्यावर बापाचं काहीतरी असू दे."